गार भाजीची परात

मी एक परात बोलतेय. तांब्याची, आतून कल्हई केलेली, दोन्ही हातांनी उचलावी लागते एवढी रुंद. परात म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पीठ मळणारे हात येतील. माझ्यात कुणी कधी पीठ मळलं नाही. उभा जन्म मी कच्ची भाजी वाहिली. गार, ओली, दाताखाली कडकन मोडणारी. त्याच भाजीनं माझ्या घरातला एक माणूस नेला. ते सांगायचं आहे म्हणून तोंड उघडलं, नाहीतर भांड्यांनी गप्प राहावं हेच बरं.

माझा जन्म समुद्रकाठच्या त्रिपोली शहरातल्या तांबटआळीत झाला. मला घडवणारा म्हातारा हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला आपल्या जावयाला शिव्या घालायचा. माझ्या अंगावर जे ठोके आहेत ते त्या जावयाच्या नावाचे आहेत. एके दिवशी बेका खोऱ्यातल्या ऐन दल्ब गावचा शाहीन दुकानात आला. त्यानं मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "ही माझ्या वर्देच्या हाताखाली नांदेल."

वर्दे म्हणजे त्याची बायको. दोघांनी नदीकाठी, चिनारांच्या सावलीत नुकतीच टेबलं मांडली होती. घर मागे आणि खानावळ पुढे.

आमच्याकडे पाहुणा बसला की मांसाच्या आधी, भाकरीच्याही आधी, कच्ची भाजी येते. ती कुणी मागत नाही आणि कुणी विचारतही नाही. ती आली नाही तर पाहुण्याला वाटतं, आपण या घराला नकोसे झालो.

वर्देचं भाजी लावणं बघायला लोक स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. लेट्यूसच्या गड्ड्याची बाहेरची पानं ती सोलून टाकायची आणि आतला पिवळसर गाभा तेवढा ठेवायची. काकड्या बोटाएवढ्या, देठासकट. लाल मुळे, गाजरं, भोपळी मिरच्या, पातीचा कांदा, पुदिना, घोळीची भाजी. वसंतात हिरवे बदाम. टोमॅटो अख्खे, कारण कापलेला टोमॅटो रडतो आणि सगळी परात ओली करतो, असं तिचं म्हणणं. हे सगळं घरामागच्या झऱ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. मग माझ्यात बर्फाचा चुरा पसरायचा आणि त्यावर एकेक जिन्नस उभा करायचा. आडवं काही पडलेलं तिला चालत नसे.

"भाजी पाण्याला घाबरली पाहिजे," ती मुलीला सांगायची, "तरच ताठ उभी राहते."

ती मुलगी म्हणजे अफीफा. झऱ्याचं पाणी इतकं गार की भाजी धुताना तिची बोटं लाल व्हायची. ती ओरडायची, पण हात काढायची नाही.

टेबलावर गेल्यावर मी माणसं पाहिली. भांडून आलेलं जोडपं मुळ्याच मुळे खात बसतं आणि एकमेकांकडे बघत नाही. ज्याला लग्नाचं विचारायचं असतं तो पुदिन्याची पानं खुडत राहतो. म्हातारे अरकचा, म्हणजे बडीशेपेच्या दारूचा, घोट घेतात आणि काकडीला मीठ लावून सरकारला शिव्या देतात.

अफीफाचा धाकटा भाऊ फादलू. लेट्यूसचा गाभा चोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मग यादवी सुरू झाली. बंदूकवाले रस्त्यात गाड्या अडवून तरुण पोरांना उतरवून घ्यायचे, आणि उतरलेली पोरं घरी येत नव्हती. शाहीननं मुलाला ब्राझीलला, साओ पावलोमधल्या चुलत्याकडे धाडलं. जायच्या दिवशी फादलू टेबलाशी बसला. फक्त काकडी मोडल्याचा आवाज येत होता.

तो तिकडेच राहिला. कापडाचं दुकान, लग्न, एक मुलगी. आईच्या मातीलाही येता आलं नाही, विमानतळ बंद होता. शाहीनही गेला. अफीफाला आधी स्थळं आली होती, पण चूल, टेबलं आणि म्हातारी माणसं कुणाच्या भरवशावर टाकणार? ती राहिली. केस पांढरे झाले तरी गल्लीतली पोरं तिला मावशीच म्हणायची.

पुढचे दिवस वाईट आले. वरच्या डोंगरात लोकांनी बोअर मारल्या आणि झरा आधी बारीक झाला, मग आटला. आमच्या भाषेत ऐन म्हणजे झरा. ज्या झऱ्यावरून गावाचं नाव पडलं, त्या जागी ओली माती उरली, मग नुसतीच माती. वीज घटकाभर यायची. बर्फ करणारं यंत्र गंजलं. गिऱ्हाईक दिसेनासं झालं. अफीफानं मला भिंतीवर पालथं टांगलं, आणि एका हिवाळ्यात गळक्या छपराखाली ठेवलं. रात्रंदिवस माझ्यात थेंब पडत. ज्या अंगावर बर्फ चकाकायचा त्यावर हिरवं किटण चढलं. तशीच मी पुन्हा भिंतीवर गेले.

मग शरदात फोन आला. अफीफा फोनवर हसते आणि रडते आहे, हे मी भिंतीवरून पाहिलं.

"ताई, येतोय मी! इझाबेलला घेऊन येतोय," फादलूचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

"ये रे माझ्या राजा. मला पुरणारा हो!"

आमच्याकडे लाडाचं बोलणं असंच असतं. माझ्या आधी तू जाऊ नकोस, माझी माती तू दे, असा त्याचा अर्थ.

"आणि हे बघ, मटणबिटण करत बसू नकोस. तिकडे मांसच खातो रोज. मला आपली भाजीची परात हवी. आई लावायची तशी."

तिनं मला उतरवलं. चिंच नाही मिळाली, लिंबानं घासलं. कल्हईवाला शेजारच्या गावी होता, त्याच्याकडे स्वतः घेऊन गेली. परत आले तेव्हा मी आरशासारखी होते. तिनं माझ्यात आपलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "आपण दोघी म्हाताऱ्या झालो गं. पण तू बरी दिसतेस."

भाजी ओळखीच्या मळ्यातली आणली. बर्फ शहरातल्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून. राहिलं पाणी. घरावरची टाकी कोरडी होती. ती भरायला तन्यूस आला. तन्यूस गल्लीतलाच, तीन पोरांचा बाप, टँकर चालवणारा. लहानपणी याच अंगणात खेळलेला.

"कुठलं रे पाणी?" अफीफानं विचारलं.

"वरच्या विहिरीचं, मावशी. तुम्हाला फसवीन का?"

तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला. पाणी स्वच्छ होतं. गारही होतं. झऱ्यानंतर इतकं चांगलं पाणी तिच्या हाताला लागलं नव्हतं.

फादलू शनिवारी संध्याकाळी पोचला. जाड, टकला, छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण. इझाबेल त्याची तिशीतली मुलगी, अडखळत आमची भाषा बोलणारी. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली. अफीफा भाजी धूत होती.

"आत्या, या गोळ्या." तिनं पिशवीतून पाकीट काढलं. "पाण्यात टाकायच्या. विमानतळावर एक बाई म्हणाली, इथे आजार येतोय. उत्तरेकडे काही लोक..."

अफीफानं गोळी नाकाशी नेली आणि चेहरा वेडावाकडा केला. "ईऽ! अगं बाई, दवाखान्याचा वास येईल काकडीला! तुझी आजी थडग्यातून उठून मला बदडेल."

दारातून फादलू हसला. "ठेव तुझ्या गोळ्या, बेला. मी याच पाण्यावर वाढलोय."

इझाबेलनं वडिलांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि पाकीट परत पिशवीत ठेवलं.

आणि मग अफीफानं मला लावलं. मी तिच्या आईचेही हात पाहिले होते, पण त्या दिवशीचे अफीफाचे हात काही वेगळेच होते. मधोमध लेट्यूसचे गाभे कमळासारखे उघडलेले. भोवती काकड्या, मग लाल मुळ्यांची ओळ, बर्फात रोवलेली गाजरं, टोमॅटोंवर थरथरणारे थेंब. कडेनं पुदिना आणि घोळ. शेवटी एक ओंजळ पाणी तिनं वरून शिंपडलं, म्हणजे सगळं चकाकलं. ती मागे सरकून उभी राहिली आणि तिनं स्वतःशीच मान डोलावली.

चिनाराखाली मला ठेवलं तेव्हा फादलू खुर्ची ओढून पुढे सरकला. एक काकडी उचलली, मोडली, आणि मोडल्याचा आवाज ऐकून त्याचे डोळे भरले.

"रडतोस काय घोड्या," अफीफा म्हणाली, "खा."

तो खात राहिला. लेट्यूसचा गाभा खाल्ला, दुसरा बहिणीची नजर चुकवून उचलला. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. इझाबेलला कच्च्या कांद्याचा वास सोसत नव्हता, ती भाकरी आणि भाजलेलं मांस खात बसली. अफीफा वाढण्यातच होती, यजमानीण कुठे जेवते? बर्फ वितळला, तळाशी पाणी साचलं. फादलूनं त्यात भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि म्हणाला, "झालं. आता मेलो तरी चालेल."

"थू थू," अफीफा म्हणाली, "जीभ आवर."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. जास्त खाल्लं, असं सगळ्यांना वाटलं. अफीफानं बडीशेपेचा काढा दिला. तोही उलटून पडला. मग तांदळाच्या पेजेसारखे पांढरे जुलाब लागले, आणि त्या जाड माणसाचे गाल बघता बघता आत गेले. डोळे खोल, बोटांची कातडी सुरकुतलेली. गाडी मिळेना, मिळाली तर पेट्रोल नव्हतं. शहरातल्या दवाखान्यात सलाईन लावली, पण उशीर झाला होता. मूत्रपिंडं बंद पडली. सकाळी तो गेला.

हे मी पाहिलं नाही. मी मोरीत पडून होते, रविवारची सुकलेली पानं अंगावर चिकटलेली. घरात बायकांचं रडणं सुरू झालं तेव्हा मला कळलं. जिनं भावाला 'मला पुरणारा हो' म्हटलं होतं, तिनंच त्याच्यावर माती लोटली.

मातीच्या दुसऱ्या दिवशी तन्यूस आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"मावशी, विहिरीचा पंप बंद होता. डिझेल नव्हतं. मी खालच्या पाटातून टँकर भरला. पाणी स्वच्छ दिसत होतं हो, शपथ घेतो..."

तो पाट नदीच्या खालच्या अंगातून निघतो. वरच्या सगळ्या गावांची गटारं त्या नदीत सुटतात.

अफीफा खाटेवर बसून होती. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आणखी कुणाकडे ओतलंस?"

"मलकेबाईंकडे. चर्चच्या टाकीत. आणि पलीकडच्या निर्वासितांच्या तंबूंमध्ये." मग तो गुडघ्यांवर बसला. "सांगू नका हो. लोक मला जिवंत ठेवायचे नाहीत. पोरं आहेत माझी."

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. गल्लीतले खानावळवाले होते, पुढे मलके. तिची खानावळ समोरच, आणि येत्या रविवारी तिच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं मोठं जेवण तिथे ठरलेलं.

"अफीफा, जिल्ह्याची डॉक्टरीण येतेय," मलके म्हणाली. "तिला सांग, भावानं आजार विमानातून आणला. झालं. मेलेल्या माणसाला काय त्याचं?"

"माझ्या भावाच्या नावावर खोटं घालू?"

"मग काय गल्लीच्या पोटावर पाय देणार? ऐन दल्बची भाजी विषारी म्हटल्यावर कोण येईल इथे? तुझं काय बाई, ना पोर ना बाळ. आम्हाला खायचंय अजून."

एक म्हातारा मागून पुटपुटला, "भावाला खाल्लं, आता गाव खायला निघाली."

इझाबेल दाराशी उभी होती. तिला सगळे शब्द कळले नसतील. जेवढे हवे होते तेवढे कळले.

डॉक्टर हियाम दोन माणसं घेऊन आली. त्यांनी मोरीतून मला उचललं, माझ्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवला, टाकीतलं पाणी बाटलीत भरलं. मग तिनं विचारलं, "अफीफाबाई, तुमच्या भावानं काय खाल्लं?"

तन्यूसनं डोळे मिटले.

"भाजी," अफीफा म्हणाली. "कच्ची. मी धुतली, मी लावली, मी त्याच्यापुढे ठेवली. पाणी पाटातलं होतं. हेच पाणी मलकेच्या टाकीत आहे, चर्चच्या टाकीत आहे, तंबूंमध्ये आहे. आत्ताच्या आत्ता जा, बाई. इथे माझ्याशी बोलत बसू नका."

"खोटारडी!" मलके किंचाळली. "माझं जेवण मोडायला बघतेय! माझ्या टाकीला हात लावाल तर..." आणि मग तिचा आवाजच बसला. तिची सून त्याच पाण्यात बाळाला आंघोळ घालत होती. ती घराकडे पळत सुटली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पटकीच निघाली. चारही ठिकाणी. चर्चच्या आणि मलकेच्या, दोन्ही टाक्यांना सील लागलं. बाळाला काही झालं नाही. तंबूंमध्ये आधीच काही जण आजारी होते. एक म्हातारी गेली, बाकीच्यांना वेळेवर सलाईन मिळाली. तन्यूसला लोकांनी झोडपलं, टँकर जाळला. गल्लीतल्या खानावळी बंद झाल्या, आणि त्या बंद राहिल्या त्याचं खापर तन्यूसपेक्षा अफीफाच्याच डोक्यावर फुटलं. तिच्या खिडक्यांवर दगड आले. तिला पाहिलं की बायका रस्ता बदलायच्या.

इझाबेल जायला निघाली तेव्हा सामान दारात होतं.

"आत्या, एक विचारू? गोळी टाकली असती तर?"

"तर तो जगला असता."

"मग का नाही टाकलीस?"

"गर्व होता गं. माझ्या भाजीचा. आईच्या भाजीचा."

"मी पण हट्ट धरला नाही," इझाबेल म्हणाली. मग तिनं आत्याच्या हातांकडे पाहिलं. "बाबा आयुष्यभर तुझ्या हातांबद्दल बोलायचे. मला ते आता बघवत नाहीत. माफ कर." आणि ती गाडीत बसली. तिचा फोन त्यानंतर आलेला नाही.

डॉक्टरिणीच्या माणसांनी मला दवाखान्यात नेलं आणि औषधाच्या पाण्यात घालून परत पाठवलं. कल्हईवर काळे डाग पडले होते. लोक म्हणाले, ही परात फोडून टाक. अफीफानं ऐकलं नाही. का, ते मला माहीत नाही.

चाळिसाव्याला मेलेल्याच्या नावानं जेवण घालतात. तिनं भाकरी केल्या, शिजवलेले वाटाणे-भात केले. आणि भावाच्या रिकाम्या खुर्चीपुढे मला ठेवलं. बर्फ नव्हता. काकड्या, लेट्यूस, मुळे. खाण्यासाठी नव्हे, त्याच्या नावानं. चिनाराखाली टेबलं मांडली आणि वाट पाहिली. चर्चमध्ये लोक आले होते, जेवायला कुणी आलं नाही.

दुपार कलल्यावर तन्यूस आला. एक हात गळ्यात बांधलेला. टेबलाशी बसला. मग त्यानं माझ्यातून एक काकडी उचलली.

"मी खातो, मावशी. काय व्हायचं ते मला होऊ दे."

काकडी तोंडाशी गेली तेवढ्यात अफीफानं त्याच्या हातावर अशी चापट मारली की काकडी नदीकाठापर्यंत उडाली.

"मरायचं असेल तर दुसरीकडे मर! माझ्या परातीत नको! पोरं आहेत म्हणालास ना? कुणाच्या गळ्यात घालतोस ती?" मग तिनं भाताचं ताट त्याच्यापुढे आदळलं. "जेव. जेव म्हणते ना!"

तो जेवला. ती त्याच्यासमोर बसून राहिली, भावाच्या खुर्चीकडे पाठ करून. संध्याकाळी दोघांनी मिळून माझ्यातली भाजी खड्ड्यात पुरली.

त्यानंतर अफीफानं चुलीवर मोठा हंडा चढवला. लाकडं तन्यूस आणून टाकतो. पाणी खळखळ उकळतं, मग रात्रभर निवतं. त्यावर झाकण म्हणून मी. तंबूंमधल्या बायका सकाळी घागरी घेऊन येतात. गल्लीतल्याही येऊ लागल्या आहेत, मान खाली घालून. मलके स्वतः येत नाही, सुनेच्या हाती कळशी पाठवते. अफीफा ती काठोकाठ भरते. कुणी आभार मानत नाही आणि ती त्याची वाटही पाहत नाही.

वाफेनं माझी कल्हई सुटत चाललीय. जिथे बर्फ असायचा तिथे आता गरम थेंब जमतात आणि टपटप खाली पडतात. पुन्हा कुणी मला सजवील असं वाटत नाही. सजवावं असंही मला वाटत नाही.

तुमच्या ताटात गार, टवटवीत भाजी येईल तेव्हा खुशाल खा. फक्त ती कुठल्या पाण्यात धुतली ते विचारा. वाढणाऱ्याला राग आला तर येऊ दे. प्रेमानं वाढलंय म्हणून गप्प बसू नका.

हंड्याला उकळी फुटली आहे. अफीफा फडक्यानं हात पुसत इकडेच येतेय. मला उचलील आणि वर ठेवील. नीट बसले की मग काही दिसत नाही, फक्त खालचं पाणी ऐकू येतं. निरोप घेते.